पाराग्वेचा कडू पाला

सन १६३९ मध्यें माद्रिद शहरीं आंतोनिओ रुइस दे मोंतोया नांवाच्या एका जेझुइट पाद्र्याचें पुस्तक छापून निघालें. हा गृहस्थ मूळचा पेरूंतील लिमा शहरचा. दक्षिण अमेरिकेंतील पाराग्वे प्रांतीं, ग्वारानी नांवाच्या आदिवासी लोकांमध्यें, त्यानें आयुष्याचीं सुमारें पंचवीस वर्षें काढलीं होतीं. ब्राझिलांतून गुलाम धरून नेण्यासाठीं येणाऱ्या टोळ्यांपासून ह्या लोकांचें रक्षण व्हावें, त्यांना शस्त्रें बाळगण्याची परवानगी मिळावी, ह्या खटपटीसाठीं तो स्पेनच्या राजदरबारीं आला होता. त्या पुस्तकांत एका झाडाच्या पाल्यासंबंधानें थोडका मजकूर आहे. मोंतोया लिहितो कीं, हा पाला पाण्यांत घालून प्याला असतां कामाला हुरूप येतो, अन्नावांचून तग धरतां येतो, झोप उडते आणि इंद्रियें जागीं राहतात. चीन देशांत ज्याला चहा म्हणतात त्याच्याशीं ह्याचें पुष्कळ साम्य दिसतें. हें झालें गुणवर्णन. पण त्याच ठिकाणीं तो असेंहि सांगतो कीं, हा पाला ज्या डोंगरांतून आणतात तेथें आपण ह्या गरीब लोकांच्या हाडांचे मोठमोठे ढीग पाहिले आहेत.

हुरूप आणणारा पाला आणि हाडांचे ढीग, ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्यानें एकाच लेखणीनें लिहून ठेवाव्या, हें मला मोठें विचार करण्यासारखें वाटतें. पुढील जवळजवळ तीनशें वर्षें ह्या पाल्याच्या चवीविषयीं आणि त्याच्या गुणदोषांविषयीं जो वाद झाला, तो बहुतेक सारा पिणाऱ्याच्या बाजूनें झाला. तोडणाऱ्याच्या बाजूनें बोलणारे फार थोडे निघाले.

ह्या पाल्याला स्पॅनिश भाषेंत येर्बा माते म्हणतात. येर्बा म्हणजे वनस्पति अथवा पाला. आणि माते हा शब्द पेरूंतील केचुआ लोकांच्या भाषेंतला, त्याचा मूळ अर्थ भोपळ्याचें पात्र. आपल्या कानाला तें आईला घातलेल्या हांकेसारखें वाटतें. पण त्याचा उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन करावयाचा. ग्वारानी लोक आपल्या भाषेंत त्याला नुसतें ‘काआ’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रांतील इलेक्स पाराग्वारिएन्सिस हें नांव सेंतिलेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२२ सालीं दिलें. नाताळांत इंग्रज लोक ज्या कांटेरी पानांच्या डहाळ्या घरांत टांगतात त्या हॉलीचें आणि ह्याचें कुळ एक. आपल्या चहाशीं त्याचें कसलेंहि नातें नाहीं. ‘पाराग्वेचा चहा’ हें नांव केवळ युरोपियनांच्या सोयीचें. पाराना, उरुग्वे आणि पाराग्वे ह्या नद्यांच्या आसपासचा जो उष्ण व दमट प्रदेश, म्हणजे आजचा पाराग्वे देश, आर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा आणि ब्राझिलचा दक्षिण भाग, एवढ्यांतच हें झाड मूळचें उगवतें. रानांत तें चांगलें उंच वाढतें. मळ्यांत मात्र छाटून छाटून हाताशीं ठेवतात.

तोडलेला पाला तसाच ठेवला तर काळा पडून वायां जातो. म्हणून तो लागलीच आगीच्या ज्वाळेवरून झरझर फिरवितात, मग गरम हवेवर वाळवितात, आणि नंतर भरड कुटतात. आर्जेंटिनांत हा कुटलेला पाला कोठारांत कित्येक महिने, कधीं वर्ष दोन वर्षेंहि, मुरत ठेवण्याची चाल आहे. दक्षिण ब्राझिलांत तो हिरवागार असतांनाच पितात. पाराग्वेंत उन्हाळ्याच्या दिवसांत बर्फाच्या थंड पाण्यांत घालून पिण्याची रीति असून तिला तेरेरे म्हणतात. ह्या तेरेरेच्या परंपरेला युनेस्कोनें २०२० सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

पिण्याचा विधि मोठा मौजेचा आहे. आपल्या दुध्या भोपळ्याच्याच जातीचें एक लहान फळ वाळवून, पोखरून, त्याचें पात्र करितात. त्यांत निम्म्याहून अधिक कोरडा पाला भरावयाचा, आणि तळाशीं गाळणी असलेली एक धातूची नळी त्यांत रोंवावयाची. ह्या नळीला बोंबिया म्हणतात. त्यावर गरम, परंतु न उकळलेलें पाणी थोडें थोडें घालावयाचें आणि नळीनें ओढून घ्यावयाचें. पाणी घालणारा मनुष्य एकच असतो. पहिलें पात्र तो स्वतः पितो, कारण त्यांत भुकटी फार आणि कडूपणाहि फार. पाहुण्याला तें द्यावयाचें नसतें. मग पुनः पाणी घालून तेंच पात्र, तीच नळी, शेजारच्याला. त्याचें झालें कीं त्याच्या पलीकडच्याला. आपणांस हें सारें उष्टें वाटेल, पण तेथें नळी पुसून घेणें हाच अपमान समजतात. आणखी एक गंमत अशी कीं, पात्र परत करितांना ‘आभारी आहें’ असें म्हणावयाचें नाहीं. तसें म्हटलें म्हणजे ‘आतां मला पुरें’ असा त्याचा अर्थ होतो, आणि मग पुढच्या फेरींत तुम्हांस वगळतात. २०२० सालच्या साथींत हें एका नळीचें पिणें बंद ठेवावें लागलें, तेव्हां त्या लोकांना किती चुकल्याचुकल्यासारखें झालें असेल ह्याची कल्पना करावी.

चवीविषयीं मी ऐकीव सांगत नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. त्यानें ब्यूनोस आयर्सहून एक पुडी, भोपळा आणि नळी आणून दिली. पहिल्या घोटाला प्रथम धुराचा वास येतो, मग माळ्यावरच्या वाळलेल्या गवताचा, आणि त्यामागून जिभेच्या मुळाशीं कडूपणा. हा कडूपणा काडेचिराइताचा नव्हे. मेथीची भाजी थोडी जुन झाली म्हणजे लागतो तसा. तिसऱ्या चौथ्या पाण्याला तो ओसरतो आणि तोंडांत किंचित् गोडसर चव राहते. दहाबारा पाण्यांनंतर पाला ‘धुतला’ गेला असें म्हणतात व तो टाकून देतात. आमच्या घरीं ‘हा काढा आहे’ असा निकाल पहिल्याच घोटाला झाला. तिकडेहि साखर घालून पिणारे आहेत; परंतु खऱ्या शौकिनाला बिनसाखरेचाच लागतो.

आतां उत्तेजनाविषयीं. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळें काढलें. पुढें १८२७ त चहांतून एक द्रव्य निघालें आणि त्याला निराळें नांव मिळालें. पण १८३८ पर्यंत सिद्ध झालें कीं तीं दोन्ही एकच आहेत. १८४३ सालीं स्टेनहाउस ह्यानें तेंच द्रव्य येर्बा मातेंतहि असल्याचें दाखविलें. तरीहि ‘मातेन’ नांवाचें कांहीं निराळें सौम्य सत्त्व ह्या पाल्यांत आहे, तें मन जागें ठेवतें पण झोप मारीत नाहीं, ही समजूत अजून अनेक लोक उराशीं बाळगून आहेत. ती खरी नाहीं. द्रव्य तेंच आहे. दिवसभर श्रम केले म्हणजे मेंदूंत अ‍ॅडेनोसिन नांवाचा पदार्थ सांचत जातो आणि ‘आतां थांबा’ अशी सूचना देतो. कॅफीन त्याची जागा अडवून ठेवतें, म्हणून सूचना पोहोंचत नाहीं. थकवा नाहींसा होत नाहीं, तो कळेनासा होतो एवढेंच. हें वाक्य कृपा करून ध्यानांत ठेवावें, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे.

वाळलेल्या पाल्यांत शेंकडा एक ते दोन भाग कॅफीन असतें. चहाच्या पत्तींत बहुधा त्याहून अधिक. पण चहा आपण चमचाभर पत्तींत करितों, आणि हे लोक एका वेळीं मूठ दोन मुठी पाला भरून त्यावर तासभर पाणी ओतीत बसतात. सत्त्व एकदम न येतां घोटाघोटानें येतें. ‘सौम्य’ हा जो अनुभव सांगतात त्याचें एक कारण ह्या पिण्याच्या रीतींत असावें. त्याशिवाय कोकोमध्यें असणारें थिओब्रोमीनहि थोडें असतें. तुरटपणा वनस्पतींतील आम्लादि द्रव्यांचा, आणि वर जो फेंस येतो तो रिठ्यांत असणाऱ्या जातीच्या सॅपोनिन नांवाच्या द्रव्यांचा. एक धोक्याची गोष्ट सांगून हा भाग संपवितों. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९९१ सालीं गरम माते पिण्याची गणना बहुधा कर्करोगकारक गोष्टींत केली होती. २०१६ सालीं फेरविचार होऊन असें ठरलें कीं दोष पाल्याचा नसावा, पाण्याच्या उष्णतेचा असावा. ६५ अंशांहून अधिक गरम असें कोणतेंहि पेय अन्ननलिकेस बहुधा अपायकारक होय. आपल्याकडे कढत चहा घशाखालीं ओतून मग ‘हां’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना हें लागू आहे.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. स्पॅनिश लोकांनीं १५३७ सालीं आसुन्सिओन हें ठाणें वसविलें. सोन्याच्या शोधांत आलेल्या ह्या लोकांना तेथें सोनें मिळालें नाहीं, चांदी मिळाली नाहीं. मिळाला हा पाला. सोळावें शतक संपावयाच्या आंत त्यांना त्याची अशी गोडी लागली कीं सरकार आणि धर्मपीठ दोन्ही हादरलीं. सन १६१० मध्यें जेझुइटांचे प्रांतप्रमुख दिएगो दे तोर्रेस ह्यांनीं लिमा येथील इन्क्विझिशनकडे ह्या व्यसनाविरुद्ध तक्रार नेली. गोव्याच्या इतिहासामुळें इन्क्विझिशन हा शब्द आपणांस अपरिचित नाहीं. एका पाल्यासाठीं त्या भयंकर न्यायासनाचें दार ठोठावावें, हें आज हास्यास्पद वाटतें. पण त्यांचा आक्षेप असा होता कीं ही मूळची जादुगारांची, सैतानाच्या उपासनेंतली वस्तु आहे. मोंतोयानेंहि तसेंच लिहिलें आहे: आपण ऐंशीं ते शंभर वर्षांच्या वृद्धांना विचारलें, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं आमच्या तरुणपणीं हा पाला कोणी पीत नसे, एका मोठ्या मांत्रिकाखेरीज. पुढें गव्हर्नर एर्नांदो आरिआस ह्यानें सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ह्या पाल्याच्या व्यापाराला आणि वापराला बंदी केली. कारण काय, तर लोक ऐदी होतात, दिवसभर नळी तोंडांत धरून बसतात.

ऐदी! ज्या पाल्यानें थकवा कळेनासा होतो त्यानें लोक आळशी होतात, ही तक्रार मोठी विचित्र आहे. आमच्या आजोबांच्या पिढींतहि चहानें भूक मरते, बुद्धि मंदावते, पोरें बिघडतात, असें म्हणत. आणि तेच आजोबा पुढें सकाळचा चहा मिळाल्यावांचून जाग्यावरून हलत नसत. असल्या बंदीचें जें व्हावयाचें तेंच झालें. बंदी करणारे गेले, पाला राहिला. थोड्याच वर्षांत तो पाराग्वेचें मुख्य उत्पन्न झाला. तो नदीनें सांता फे आणि ब्यूनोस आयर्सला, तेथून आंदीज पर्वत ओलांडून चिलींत, आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींपर्यंत जाऊं लागला. पाराग्वेंत नाण्यांचा इतका तुटवडा होता कीं कैक वर्षें हा पालाच चलन म्हणून चाले. देणीं घेणीं आरोबाच्या वजनानें होत. एक आरोबा म्हणजे सुमारें साडेअकरा किलो.

हा सर्व पाला येई कोठून? बहुतेक रानांतून. म्बाराकायू नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत ह्या झाडांचीं दाट रानें होतीं, आणि तीं आसुन्सिओनपासून दूर, चिखल, नद्या आणि दलदलींच्या पलीकडे. वसाहतवाल्यांकडे ग्वारानी लोक वेठीला बांधून दिलेले असत. त्यांना ह्या रानांत नेऊन पाला तोडून घेत, भाजून घेत, आणि मग त्याच्या गोण्या त्यांच्याच पाठीवरून होड्यांपर्यंत आणीत. मोंतोया सांगतो कीं ओझें वाहणाऱ्याच्या वजनापेक्षां गोणीचें वजन जास्त भरे असेंहि त्यानें पाहिलें. अन्न असे तें रानांत मिळेल तें. कंदमुळें, साप, बेडूक. आणि ह्या उपाशी, ओझ्याखालीं वांकलेल्या मनुष्याला चालतें ठेवी तो तोच पाला, भूक आणि थकवा कळूं न देणारा. मघांचें वाक्य मीं ह्यासाठींच ध्यानांत ठेवावयास सांगितलें. शरीर ‘थांब’ म्हणत असतां ती सूचना दडपून टाकणारें औषध वेठीच्या मालकाच्या हातीं लागलें म्हणजे काय होतें, ह्याचें उत्तर म्बाराकायूच्या डोंगरांत पडलेलें होतें.

जेझुइटांनीं १६०९ पासून ग्वारानी लोकांचीं स्वतंत्र गांवें वसविण्यास आरंभ केला. पुढें अशीं तीस गांवें झालीं आणि १७३२ च्या सुमारास त्यांत १ लक्ष ४१ हजार लोक राहत होते. गांवांना राजाचा कर भरावा लागे, आणि कर भरण्यास पैसा हवा. तेव्हां कालपर्यंत सैतानाची म्हणून निंदिलेली वस्तु आज विकण्यास हरकत उरली नाहीं. १६४५ सालीं राजाची परवानगी मिळाली. आसुन्सिओनच्या व्यापाऱ्यांनीं एवढी ओरड केली कीं पुढें वर्षाला १२,००० आरोबांची मर्यादा घातली गेली. पाद्र्यांच्या ह्या घूमजावाबद्दल कोणी त्यांना हंसेल. मी हंसणार नाहीं. कारण त्यांनीं ह्या धंद्यांत एक गोष्ट अशी केली जी दुसऱ्या कोणासहि सुचली नव्हती. त्यांनीं रान गांवांत आणलें.

त्यांच्या गांवचे लोकहि प्रथम दूरच्या रानांतच जात आणि त्यांचेहि हाल होत. म्हणून पाद्र्यांनीं गांवाशेजारीं झाडें लावण्याचा उद्योग आरंभिला. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. ह्या झाडाचें फळ मिऱ्याएवढें, आंत कठीण कवचाच्या बिया, आणि त्यांतील अंकुर अजून कच्चा. पेरल्या तरी त्या महिनेच्या महिने तशाच पडून राहतात. रानांत पांखरें फळें खातात आणि त्यांच्या पोटांतून गेलेली बी रुजते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें जेझुइटांना हें साधलें आणि गांवोगांवीं मळे उभे राहिले. त्यांच्या मालांत काड्या नसत, पाला निवडून बारीक केलेला असे, आणि त्याला ‘काआमिनी’ म्हणून बाजारांत अधिक किंमत येई. ह्या गांवांतलें जिणें मुक्त होतें असें मी म्हणणार नाहीं. उठणें, बसणें, जेवणें सारें देवळाच्या घंटेवर चाले आणि शिस्त कडक होती. पण झाड दाराशीं आलें म्हणजे ओझें वाहून मरण्याचें कारण उरत नाहीं, हें तेथें सिद्ध झालें.

१७६७ सालीं स्पेनच्या राजानें आपल्या सर्व मुलखांतून जेझुइटांना हांकून दिलें. गांवें सरकारी कारभाऱ्यांकडे गेलीं. कांहीं वर्षांत लोक पांगले, मळ्यांत रान माजलें. इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांतून असें लिहिलेलें आढळतें कीं, बी रुजविण्याचें गुपित पाद्र्यांनीं आपल्याबरोबर नेलें आणि तें सव्वाशें वर्षें जगाला ठाऊक नव्हतें. ही कथा वाचावयास छान असली तरी मला ती पटत नाहीं. मार्टिन डोब्रिट्सहोफर नांवाचा एक जेझुइट अठरा वर्षें पाराग्वेंत होता. हद्दपारीनंतर त्यानें व्हिएन्नांत राहून लॅटिन भाषेंत त्या देशाचें मोठें वर्णन लिहिलें आणि तें १७८४ सालीं छापलें. त्यांत त्यानें स्पष्ट सांगितलें आहे कीं ह्या बिया फार चिकट असतात. तो चिकटा सारा जाईपर्यंत त्या पाण्यांत धुवाव्या, आणि चिखल होईल इतक्या भिजविलेल्या जमिनींत पेराव्या. तरीहि अंकुर यावयास महिने लागतात. ह्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद कवि कोलरिज ह्यांची कन्या सारा हिनें केला व तो १८२२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. म्हणजे गुपित पुस्तकांच्या दुकानांत विकत मिळत होतें! नाहींसें झालें होतें तें गुपित नव्हे. धुवावयास, पेरावयास आणि चार महिने वाट पाहावयास तयार असलेली माणसें व गांवें नाहींशीं झालीं होतीं. आणि रानांतला पाला वेठीनें फुकट तोडून मिळत असतां मळा लावण्याचा खर्च कोण करणार?

एकानें करून पाहिला. हुंबोल्ट ह्या प्रख्यात प्रवाशाचा सोबती एमे बोंप्लां हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८१७ सालीं ब्यूनोस आयर्सला आला. १८२१ सालीं पाराना नदीच्या कांठीं सांता आना ह्या उजाड झालेल्या जेझुइट गांवीं त्यानें वस्ती केली आणि कांहीं आदिवासी कुटुंबें बरोबर घेऊन ह्या झाडांची जोपासना सुरू केली. नदीपलीकडे पाराग्वेंत त्या वेळीं डॉक्टर फ्रान्सिया ह्या हुकुमशहाचें राज्य होतें. आपल्या देशाच्या एकमेव संपत्तीला कोणी शेजारीं प्रतिस्पर्धी उभा करतो, शिवाय तो मुलूख वादग्रस्त, हें त्याला खपणें शक्य नव्हतें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्याच्या शिपायांनीं नदी ओलांडून वस्ती जाळली, कांहीं लोक ठार मारले आणि बोंप्लांला जखमी करून बेड्या घालून नेलें. त्याच्या सुटकेसाठीं खुद्द सिमोन बोलिव्हारनें १८२३ सालीं पत्र लिहिलें. पण फ्रान्सियानें दाद दिली नाहीं. बोंप्लां तेथें आसपासच्या लोकांना औषधपाणी करीत राहिला, आणि १८२९ सालीं त्याला सोडलें तें ज्या कारणासाठीं पकडलें त्याइतकेंच त्याला न सांगतां! पुढें तो युरोपास कायमचा कधींच परतला नाहीं; १८५८ सालीं तिकडेच वारला.

१८६४ ते १८७० ह्या काळांत ब्राझिल, आर्जेंटिना आणि उरुग्वे ह्या तिघांशीं पाराग्वेचें युद्ध झालें. त्यांत त्या देशांतले प्रौढ पुरुष बहुतेक कापले गेले. कर्जांत बुडालेल्या सरकारनें मग सरकारी जमिनी विकावयास काढल्या आणि येर्बाचीं रानें मोठमोठ्या कंपन्यांच्या घशांत गेलीं. १८८६ सालीं स्थापन झालेली ‘ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया’ ही त्यांतली एक. ब्राझिलच्या बाजूस लारांजेइरा ह्याची कंपनी, तिला १८८२ सालीं मक्ता मिळाला. त्याआधींच, १ जानेवारी १८७१ रोजीं, पाराग्वे सरकारनें एक हुकूम काढून ठेवला होता: मालकाच्या लेखी परवानगीवांचून जो मजूर काम सोडून जाईल त्याला कैद करून, त्याच्याच खर्चानें, कामावर परत नेण्यांत येईल. वेठ ह्या शब्दाला आतां कायद्याचा अंगरखा मिळाला.

मजुराला गुंतविण्याची रीत आपल्याला चांगली ओळखीची आहे. पाराना नदीवरच्या पोसादास सारख्या बंदरीं दलाल त्याला आगाऊ रक्कम देई. आपल्याकडे ऊसतोडीच्या मजुराला हंगामापूर्वीं मुकादम जी ‘उचल’ देतो, तोच हा प्रकार. दोन दिवसांत ती रक्कम दारूंत, कापडांत, जुगारांत उडे. मग आगबोटींत घालून नदीनें वर रानांत नेत. तेथें खाणेंपिणें कंपनीच्या दुकानांतून, दुप्पट तिप्पट भावानें, खात्यावर. उचल फिटत नसे, आणि फिटल्याशिवाय रानाबाहेर पडतां येत नसे. ह्या मजुरांना ‘मेन्सू’ म्हणत. महिन्याच्या पगारावरचा माणूस असा मूळ अर्थ, परंतु महिन्याला पगार हातांत पडे असें मात्र नाहीं. खांद्यावर ओझें तेंच, रान तेंच, आणि थकवा मारावयास पाला तोच. म्बाराकायूला अडीचशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

ह्या गोष्टीला वाचा फोडली ती राफाएल बारेत ह्यानें. हा १८७६ सालीं स्पेनमध्यें जन्मलेला, पत्रकारी करीत पाराग्वेंत येऊन राहिलेला मनुष्य. १९०८ सालीं आसुन्सिओनच्या एका दैनिकांत त्यानें येर्बाच्या रानांविषयीं लेखमाला लिहिली. १८७१ चा हुकूम त्यानें उघडा केला, कंपन्यांचीं नांवें घेतलीं, आणि ह्या रानांत जी चालली आहे ती गुलामगिरी होय असें साध्या शब्दांत सांगितलें. त्याच वर्षीं सत्तांतर झाल्यावर त्याला अटक होऊन देशाबाहेर काढण्यांत आलें. दोन वर्षांनीं तो क्षयानें गेला. पुढें ओरासिओ किरोगा ह्या कथालेखकानें मेन्सूंवर कथा लिहिली, १९५२ सालीं आर्जेंटिनांत त्यांच्यावर एक चित्रपटहि निघाला. पण बारेतच्या थोड्या पानांत जें आहे त्याची बरोबरी त्यांना आली असें मला वाटत नाहीं. मोंतोयानंतर पिणाऱ्याकडे न पाहतां तोडणाऱ्याकडे पाहणारा हा दुसरा मोठा साक्षीदार.

रानांतून मळ्यांत येण्याची गोष्ट शेवटीं घडली, पण ती कोणाच्या कळवळ्यानें नव्हे. रानें तोडून तोडून उघडीं पडत चाललीं म्हणून. ब्यूनोस आयर्सच्या उद्यानांचा अधिकारी कार्लोस ताइस ह्यानें १८९५ च्या सुमारास बिया बराच वेळ गरम पाण्यांत भिजत ठेवून त्या रुजवून दाखविल्या. पाराग्वेंतल्या नुएव्हा जर्मानिया ह्या जर्मन वसाहतींत फेडेरिको नॉयमान ह्यासहि त्याच सुमारास तें साधलें. ही वसाहत १८८७ सालीं तत्त्ववेत्ता नीत्शे ह्याची बहीण व तिचा नवरा ह्यांनीं ‘शुद्ध आर्य’ समाज स्थापण्यासाठीं काढली होती. ती कल्पना दोन वर्षांत कोसळली, येर्बाचीं रोपें मात्र जगलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतांत, सान इग्नासिओ येथें, जुन्या जेझुइट देवळाच्या भग्नावशेषांजवळ मोठा मळा लागला. मग पोलंड, युक्रेन, जर्मनी इत्यादि देशांतून आलेल्या लहान शेतकऱ्यांनीं हा प्रांतच्या प्रांत लाल मातींतल्या हिरव्या रांगांनीं भरून टाकला.

आज जगांत सर्वांत जास्त येर्बा आर्जेंटिनांत पिकते; माणशीं सर्वांत जास्त पितात ते उरुग्वेचे लोक, आणि त्यांच्याकडे ती जवळजवळ मुळींच पिकत नसल्यामुळें ब्राझिलहून घेतात. दक्षिण अमेरिकेबाहेर सर्वांत मोठें गिऱ्हाईक कोण, तर सिरिया देश! तिकडे पोटासाठीं गेलेले सिरियन आणि लेबानी लोक परततांना ही संवय घरीं घेऊन आले. पिकाचा भाव पडूं नये म्हणून आर्जेंटिना सरकारनें १९३५ सालीं नियामक मंडळ नेमलें होतें. तें १९९१ सालीं मोडलें. २००२ सालीं दुसरी संस्था निर्माण झाली, तिचा भाव ठरविण्याचा अधिकार २०२३ च्या डिसेंबरांत काढून घेण्यांत आला.

पाला तोडणाऱ्यांना तेथें आतां तारेफेरो म्हणतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हंगाम असतो. पहांटे ट्रकमध्यें बसून मळ्यावर जावयाचें, कात्रीनें आणि हातानें डहाळ्या तोडावयाच्या, आणि मोठ्या चादरीएवढ्या फडक्यांत त्यांची मोळी बांधावयाची. एक मोळी शंभर किलोच्या आसपास भरते. बारेतच्या काळीं मजुराच्या पाठीवरील ह्या ओझ्याला ‘राइदो’ म्हणत. आजहि तोच शब्द चालू आहे, आणि मजुरी मिळते ती वजनावर.